शास्त्रीय संगीत वर्गात आणताना : आधी ऐकू द्या, नाव नंतर सांगा



"तानपुऱ्याला साधारणपणे किती तारा असतात?" हा प्रश्न मी एका वर्षी पाचवीच्या चाचणीत घातला होता. एकूण एक मुलाने 'चार' लिहिलं. मला फार आनंद झाला, कारण वाद्यांचा रंगीत तक्ता मी स्वतः रात्री जागून केला होता, लॅमिनेशनसुद्धा करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून मोबाईलवर तानपुरा लावला आणि विचारलं, "ओळखा पाहू, कशाचा आवाज?"

"बाई, मोटार." "बाई, मिक्सर." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मधमाश्यांचं मोहोळ." तानपुरा कोणीच म्हणालं नाही.

म्हणजे माझ्या मुलांना तानपुऱ्याच्या तारा मोजता येत होत्या, पण तानपुरा ऐकू आलेला नव्हता. आपण कलेच्या तासिकेला बहुतेक वेळा हेच करतो. चित्र दाखवतो, नाव सांगतो, जोड्या लावायला देतो. आंबा न चाखता आंब्यावर निबंध लिहून घेतल्यासारखं आहे हे. त्यानंतर मी क्रम उलटा केला. आधी कान, मग हात, आणि नाव सगळ्यात शेवटी. त्यातून जे उपक्रम जमले, आणि एक फसला, ते इथे सांगते. मी गायिका नाही. हार्मोनियमवर प्रार्थना वाजवण्यापुरतीच माझी मजल, त्यामुळे यातलं काहीही करायला तुम्हाला संगीत विशारद असण्याची गरज नाही.

मोटार म्हणणारा मुलगा चुकला नव्हता

मोटार, मिक्सर, मोहोळ या तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. तो आवाज एकसारखा, न थांबता गुंजत राहतो. तानपुऱ्याचं कामच ते. एक तार बहुतेक वेळा पंचमाला लावतात (रागात पंचम नसेल तर मध्यमाला किंवा निषादाला), मधल्या दोन षड्जाला, शेवटची खर्जाच्या षड्जाला. आणि त्या गुंजण्याचं गुपित तारेखालच्या रुंद घोडीत आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवलेला असतो. तो नेमक्या जागी आला की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि आवाज खुलतो. याला जवारी म्हणतात.

मग मी मुलांना डोळे मिटायला सांगितलं. वर्गातला पंखा चालू होता. "पंख्याचा जो सूर ऐकू येतोय, तोच 'अं' करून धरा." पहिल्या दिवशी वीस मुलांचे वीस सूर लागले आणि शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन गेल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र सगळे एका सुरावर आले. ते क्षणभरच टिकलं, पण जमलं तेव्हा मुलांनाच कळलं. त्यानंतर मोबाईलवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं. पट्टी मुलांच्या सोयीने लावा, आपल्या नव्हे. विशेषतः पुरुष शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं. तुम्हाला सोयीचा पांढरी एक किंवा काळी एकचा 'सा' लावलात तर मुलं गाण्याऐवजी पुटपुटतात. काळी चार-पाचच्या आसपास लावून बघा.

स्पीकर नसेल तर मोबाईल रिकाम्या माठात किंवा स्टीलच्या डब्यात ठेवा. आवाज लगेच भरदार होतो. तानपुऱ्याला भोपळा कशासाठी असतो, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

आमची शाळा पंढरपूरच्या बाजूची. एका मुलीने दोन दिवसांनी येऊन सांगितलं, "बाई, आमच्या देवळात भजनाला विणेकरी उभे असतात ना, ते पण असंच वाजतं." मी तक्त्यासाठी चित्र शोधत बसले होते आणि ही मुलं लहानपणापासून हरिपाठाच्या मागे तेच ऐकत आली होती! विणेकरी विणेवर चाल वाजवत नाहीत, सूर धरून उभे राहतात.

वाद्य कसं वाजतं यावरून त्याचं घराणं

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. तत म्हणजे तारेचं, सुषिर म्हणजे हवेने वाजणारं, अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेलं आणि घन म्हणजे धातू, लाकूड अशा टणक वस्तूंचं. हे शब्द फळ्यावर लिहायच्या आधी मुलांना चार तऱ्हेने आवाज काढायला लावा. कंपासपेटीला रबरबँड ताणले की तत झालं. पपईच्या देठाची पिपाणी सुषिर. पत्र्याच्या डब्यावर फुगा ताणून बांधला की अवनद्ध. ताट-चमचा आणि लेझीम घन. गावाकडच्या मुलांना पिपाणी करायला आपण शिकवायची गरज नाही, तीच आपल्याला शिकवतात.

मग भांडणं लावून द्यायची. हार्मोनियम कुठे बसवायची? पट्ट्या दाबतो म्हणून घन? नाही, भाता सोडून दिला की आवाज बंद. हवाच लागते, म्हणून सुषिर. संतूर काड्यांनी वाजवतात, पण वाजते तार, म्हणून तत. तुणतुण्यावर तर आमच्याकडे अख्खी तासिका गेली. खाली कातडं, त्यातून निघालेली तार! निकाल मी दिला नाही. मुलांनी घरी जाऊन विचारलं, दोन मतं घेऊन आली, आणि दोन्ही वहीत लिहिली.

यातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग काचेच्या बाटल्यांचा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत थोडं पाणी, दुसरीत जास्त. आता चमच्याने हलकेच वाजवायच्या आधी मुलांकडून अंदाज घ्या, कुठली बाटली वरचा सूर देईल? वाजवा. जास्त पाण्याच्या बाटलीचा सूर खाली जातो. मुलं म्हणतात, "कळलं, पाणी वाढलं की सूर उतरतो." मग त्याच बाटल्यांच्या तोंडावर फुंकर मारा. आता नेमकं उलटं! जास्त पाण्याची बाटली वरचा सूर देते. वर्गात गोंधळ उडतो आणि तो उडू द्यावा. कारण त्यांनाच शोधू द्या : चमच्याने वाजवताना काच आणि तिच्यासोबत पाणी थरथरतं, पाणी वाढलं की वजन वाढतं आणि कंप मंदावतात. फुंकताना थरथरते ती आतली हवा, आणि पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते. जलतरंग आणि बासरी यांतला फरक एवढ्यात हातात येतो. सातवी-आठवीला विज्ञानाच्या तासाला हेच घेतलं तर ध्वनीचा पाठ निम्मा झाला म्हणून समजा.

डब्यावरच्या फुग्याचा दुसरा उपयोग. मध्यभागी बोटाने टकटक करा, मग फुग्याच्या मधोमध कणकेची छोटी चकती चिकटवा आणि पुन्हा वाजवा. आवाज बदलतो. आमच्या मुलांनी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावताना पाहिलेलं होतं, पण कशासाठी हे कधी विचारलं नव्हतं. तबल्यावरची काळी शाई हेच काम फार बारकाईने करते. साध्या ढोलातून निघणारे अनेक कंप एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्याला स्पष्ट सूर नसतो. शाईचं वजन मधोमध आलं की ते जुळतात आणि तबला सुरात लावता येतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आपल्या तबला-मृदंगाच्या या गुणावर लेख लिहिला होता. नोबेल त्यांना पुढे १९३० साली मिळालं, ते प्रकाशाच्या संशोधनासाठी. पण हे सांगितल्यावर वर्गातली पखवाज वाजवणारी दोन मुलं आठवडाभर ताठ मानेने फिरत होती.

माझा फसलेला उपक्रम

आता फसलेल्या उपक्रमाबद्दल. मी वर्गात विचारलं होतं, "कोणाच्या घरी वाद्य आहे? हात वर करा." हार्मोनियमवाले दोन, तबल्याचा एक, खेळण्यातला कीबोर्ड असलेले तीन. मी प्रत्येकाला शाबासकी दिली. तेवढ्यात एकजण ओरडला, "बाई, ह्याच्या घरी पण आहे, ह्याचा आज्जा वाजंत्री आहे!" आणि वर्ग हसला. ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याने मान खाली घातली. त्याचे आजोबा लग्नात सनई वाजवायचे.

माझ्या तक्त्यावर सनई होती. खाली 'मंगलवाद्य' असंही लिहिलं होतं. पण ती वाजवणाऱ्या माणसाच्या नातवाला वर्गात मान वर करता येत नव्हती. वाद्य मंगल आणि वाजवणारा मांडवाच्या दाराशी, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तबल्याचं कातडं कमावणारे हात, हलगी-संबळ वाजवणारी घरं, यांच्याबद्दलही तेच. मुलांनी ते हसणं घरातूनच आणलेलं होतं, पण त्याला जागा माझ्या प्रश्नाने करून दिली. मी जणू 'कोणाच्या घरी किती ऐपत आहे' असंच विचारत होते.

त्या दिवशी मी हसणाऱ्यांना रागावले. त्याचा काही उपयोग झाला नाही, उलट त्या मुलाला जास्तच अवघडल्यासारखं झालं. चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आजोबा म्हणाले, "शाळंत? मी काय शिकवणार बाई?" दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा आले, पुतण्याला सूर धरायला घेऊन.

आधी त्यांनी सिनेमातलं गाणं वाजवलं. मुलांना तेच आवडेल असं त्यांना वाटलं असणार. मग मी विचारलं, "पहाटे काकड्याला काय वाजवता?" त्यांनी सनई पुन्हा तोंडाला लावली. त्या पाच-सात मिनिटांत वर्गात हालचाल झाली नाही. मुलांचं लक्ष पुतण्याकडे जास्त होतं, कारण तो एकच सूर धरून बसला होता आणि श्वास कधी घेतो तेच दिसत नव्हतं! गालात हवा साठवून ती बाहेर ढकलताना नाकाने श्वास आत घ्यायचा, हे त्यांनी करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ग्लासात पाणी आणि स्ट्रॉ घेऊन बसलो. बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घ्यायचा. मला जमलं नाही. त्या मुलाला जमलं. सनईची पत्ती आधी तोंडात धरून ओली का करावी लागते, हेही त्यानेच सगळ्यांना समजावलं.

लगेच सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. दोघं-तिघं त्याला नंतरही 'वाजंत्री' म्हणून चिडवत राहिले. पण आता तो उत्तर द्यायला लागला. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांना २००१ साली भारतरत्न मिळालं, ते सनईसाठीच, ही गोष्ट मी वर्गात एकदाच सांगितली. त्याने ती किती वेळा सांगितली, मोजलं नाही.

तेव्हापासून मी 'कोणाच्या घरी वाद्य आहे' असं विचारत नाही. 'तुमच्या ओळखीत कोण वाजवतं' असं विचारते. त्यात शेजारी येतात, देवळातले पखवाजी येतात, बँडवाले काका येतात. आणि तक्त्यावरचे 'शास्त्रीय' आणि 'लोक' असे दोन रकाने मी लहान वर्गांपुरते काढून टाकले आहेत. तो भेद मोठेपणी कळला तरी चालतो.

ताल : पोळी भाजी खा

तालाला सुरुवात केरव्याने करा. आठ मात्रा, भजनातून मुलांच्या अंगात मुरलेल्या असतात. त्रिताल नंतर. त्रितालाच्या सोळा मात्रा म्हणजे सोळा मुलांचं रिंगण. प्रत्येकाची एक मात्रा, उरलेली मुलं बोल म्हणणारी.

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मुलाने टाळी द्यायची. नवव्याने हात नुसता बाजूला न्यायचा, तो काल, म्हणजे खाली. पहिली मात्रा सम, त्या मुलाच्या डोक्यावर टोपी. दोन दिवस फक्त एवढंच. मग डोळे मिटून तबल्याचा ठेका ऐकायचा आणि डग्ग्याचा घुमारा गेला की हात वर करायचा. खाली नवव्या मात्रेवर असते, पण डग्गा गप्प होतो दहाव्यापासून आणि परत येतो चौदाव्यावर. म्हणजे सम यायच्या तीन मात्रा आधीच तबला सांगतो, 'आलो हं'. हे मुलांनी एकदा पकडलं की मैफलीत मोठी माणसं समेला मान का हलवतात, ते त्यांना आपोआप कळतं.

आता गंमत. 'पो-ळी-भा-जी-खा' या पाच मात्रा. हे तीनदा, मध्ये न थांबता म्हणायचं आणि शेवटचा 'खा' बरोबर समेवर यायला हवा. सुरुवात कुठून करायची? मुलांना करून बघू द्या, आधी दहादा चुकतील. उत्तर तिसरी मात्रा. पंधरा मात्रांचं बोलणं तिसरीपासून सुरू केलं की शेवटची मात्रा सतरावी येते, म्हणजेच पुढची सम. याला तिहाई म्हणतात. 'च-हा-घे' घेतलं तर नऊ मात्रा होतात आणि सुरुवात येते नेमकी खालीवर. पुढे मुलं स्वतःच वाक्यं बनवतात. आमच्याकडे एकाने गणिताच्या सरांवर बनवली होती, ती इथे देत नाही.

पाच स्वरांचा भूप

हार्मोनियमवर (किंवा मोबाईलच्या कीबोर्डवर) पांढरी एकला सा धरा आणि पांढरी एक, दोन, तीन, पाच, सहा या पट्ट्यांवर टिकल्या चिकटवा. सा रे ग प ध. मुलाला म्हणा, "टिकलीवरच बोट ठेव, बाकी काहीही वाजव." कानाला खुपेल असं सहसा निघत नाही, म्हणून भित्रं मूलही पाच मिनिटं रमतं.

फक्त इथे थांबून 'हा भूप राग' असं सांगू नका. हेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपात गंधाराला मान आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात धैवताला मान आणि वेळ सकाळची. मी मुलांना बेसन, तूप आणि साखर सांगते. त्याचा लाडू होतो आणि म्हैसूरपाकही होतो. सामान तेच, हात वेगळा. 'ज्योति कलश छलके' या गाण्यात भूप की देशकार यावर जाणकारांचे वाद चालतात, हे सांगितलं की मुलांना बरं वाटतं. मोठेही भांडतात तर!

भोपळ्याच्या मागे मिरजेपर्यंत

तानपुऱ्याचा भोपळा खायचा नसतो, कडू असतो. आमच्या भीमेकाठच्या भागातले असे भोपळे मिरजेला जातात. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून सतारमेकर मंडळी सतारी-तानपुरे घडवत आली आहेत, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पंढरपूरहून मिरजेला रेल्वे आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलांनी सुकलेला पोकळ भोपळा हातात घेऊन कानाला लावला, टिचकी मारली, वास घेतला. कारागिरांनी घोडीवरचा दोरा सरकवून आवाज फुलवून दाखवला. ज्या मुलाने मोहोळ म्हटलं होतं तो मला कोपराने ढोसत होता.

याच मिरजेत कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचीही कर्मभूमी मिरजच. सहल लांब पडत असेल तर जवळच्या तालुक्याच्या गावी तबल्याला पान चढवून देणारं दुकान शोधा. तिथे अर्धा तास नुसतं उभं राहिलं तरी पुरतं.

पालकांसाठी थोडं

लगेच महागडा कीबोर्ड घेऊ नका. क्लास लावलात तर पहिल्याच महिन्यात "प्रारंभिक परीक्षेला कधी बसवणार?" असं गुरुजींना विचारू नका. प्रमाणपत्र वाईट नाही, पण परीक्षेच्या आठ दिवस आधी व्याख्या पाठ करणारं आणि तानपुरा लावला की कंटाळणारं मूल मी पाहिलंय. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं काहीतरी एकत्र ऐका. सुरुवातीलाच तासाभराचा विलंबित ख्याल नको. छोटी द्रुत बंदिश, बासरीची धून, पंडित भीमसेन जोशींचा अभंग, यातलं काहीही चालेल. मधे बोलू नका, शिकवू तर अजिबात नका. मूल उठून गेलं तर जाऊ द्या.

आता माझ्या चाचणीत तारांचा प्रश्न नसतो. पाच आवाज ऐकवते आणि प्रत्येकापुढे लिहायला सांगते : कशासारखं वाटलं, काय थरथरत असेल, वाजवणारा काय करत असेल. नाव आठवलं तर लिहा, नाही तर राहू द्या. परवाच्या चाचणीत सारंगीपुढे एका मुलीने लिहिलं होतं, "आजी ओवी म्हणताना मधेच थांबते तसं. तार आहे पण ठोकत नाहीत, घासतात. नाव माहीत नाही." मी तिला पूर्ण गुण दिले.